किल्लारीचा भूकंप किती खोल होता?

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली दगड-मातीची घरं झोपेत असलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. आंतरराष्ट्रीय सूचीत हा भूकंप शोधाल तर तारीख 29 सप्टेंबर दिसेल, कारण तिथली वेळ ग्रिनिचची असते. तारखेचा हा घोळ सहज सुटतो. खोलीचा सुटायला वेळ लागला.

साधं गणित करून बघा. भूम तालुक्यातलं ईट किल्लारीपासून सरळ रेषेत साधारण 110 किमी धरू. ईटला भूकंपमापक असता तर? भूकंप 2.6 किमी खोल असेल तर नाभीपासूनचं अंतर येतं 110.03 किमी. 15 किमी खोल असेल तर 111.02. फरक जेमतेम 1 किमीचा, म्हणजे तरंग पोहोचायला सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याएवढा उशीर. आता अपिकेंद्रापासून 5 किमीवरचं गाव घ्या. तिथे हीच अंतरं 5.6 आणि 15.8 किमी होतात. म्हणजे ज्या आकड्यावर किल्लारी-सास्तूरचं मरण-जगणं ठरलं, तो लांबच्या केंद्राला जवळजवळ दिसतच नाही.

मग खोली काढायची कशी? इथे तरंगाचा आकार कामी येतो. नाभीतून थेट खाली निघालेला पी-तरंग आधी पोहोचतो. वर जाऊन जमिनीवर आपटून परतलेला त्याच्या मागून येतो, तोही उलटा होऊन. खोली 15 किमी असेल तर दोघांत सुमारे 5 सेकंदांचं अंतर पडतं, 2.6 किमी असेल तर एका सेकंदापेक्षाही कमी. पण एवढ्या भूकंपाचं मूळ स्पंदनच काही सेकंद चालतं. त्यामुळे दोन्ही तरंग एकमेकांत मिसळतात आणि काही अंशी एकमेकांना खोडून काढतात. नोंदीत लहान लाट दिसली, तर भूकंप उथळ होता की मुळातच लहान होता? खोली, आघूर्ण आणि स्पंदनाचा कालावधी हे तिघं असे एकमेकांत अडकतात.

हा पेच महाराष्ट्राला नवा नव्हता. 10 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाच्या स्रोताबद्दल संशोधकांची उत्तरं जुळत नव्हती. 1976 मध्ये चार्ल्स लँग्स्टन यांनी दूरच्या केंद्रांवरचे तरंगाकार घेऊन उलट गणित, म्हणजे इन्व्हर्जन, केलं आणि खोली दिली 4.5 ± 1.5 किमी. विद्यार्थी म्हणून तुम्ही त्या 4.5 पेक्षा ± 1.5 कडे जास्त लक्ष द्या. उत्तराबरोबर त्याची मर्यादाही छापली होती. अर्थात अशी ± ची पट्टी धरलेल्या मॉडेलपुरतीच खरी असते. पृथ्वीच्या थरांचे वेग चुकीचे धरले, तर पट्टी अरुंद येऊनही उत्तर बाजूला पडू शकतं.

किल्लारीबाबत ही शंका पुराव्यांची सांगड घालून कमी करत नेली गेली. तरंगाकारांच्या अभ्यासातून केंद्रबिंदूची खोली सुमारे 2.6 किमी आली. हंगामी केंद्रांनी भूकंपोत्तर धक्के जवळून टिपले. जमिनीवर उचललेल्या कडा आणि भेगा दिसल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या विंधन छिद्रातून बेसॉल्टची जाडी 338 मीटर निघाली, म्हणजे वेगाच्या मॉडेलमधला वरचा थर अंदाजाने धरायची गरज उरली नाही. प्रत्येक पुराव्याची चूक वेगळ्या प्रकारची असते. म्हणूनच ते जुळले की विश्वास वाढतो.

म्हणून सूची वापरताना एक सवय लावून घ्या. खोली बरोबर 10 किंवा 15 किमी दिसली की थांबा. अनेकदा तो आकडा मोजलेला नसतो. नोंदींतून खोली ठरत नव्हती म्हणून तो धरून ठेवलेला असतो. आज आपण एकच उत्तम मॉडेल शोधत बसत नाही. बेजियन पद्धतीने हजारो मॉडेलं तपासतो, वेगाचे थरही बदलून बघतो आणि नोंदींशी जुळणारी सगळी उत्तरं समोर ठेवतो. कधी खोलीचे दोन वेगळे ढीग दिसतात. तेव्हा त्यांची सरासरी काढू नका. मधल्या खोलीवर कदाचित एकही पटणारं मॉडेल नसेल.

1993 च्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या विभाग 1 मध्ये होता. 2002 मध्ये तो विभाग 3 मध्ये आला. त्या पहिल्या नकाशात विभागांच्या रेषा होत्या, पण त्या किती पक्क्या आहेत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक आकड्यापुढे ± लिहाल, तेव्हा ती रकाना भरण्याची औपचारिकता समजू नका. त्या आकड्यावर विसंबून कुणीतरी भिंत बांधणार आहे.