जाणाऱ्यांस कायदा, राहणाऱ्यांस आवाहन : महायुद्धोत्तर ब्रिटनमधील माजी सैनिक व तरुणांचे स्थलांतर

पहिले महायुद्ध संपताच लष्करातून मुक्त होणाऱ्या लक्षावधी सैनिकांच्या उपजीविकेचा प्रश्न ब्रिटिश शासनापुढे उभा राहिला. त्याची दोन उत्तरे शोधण्यात आली : मायदेशी रोजगार आणि साम्राज्यात वसाहत. या दोहोंमागे शासनाने सारखेच बळ उभे केले काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

१९१९ मध्ये ‘किंग्ज रोल’ ही योजना सुरू झाली. आपल्या नोकरवर्गात साधारणतः शेकडा पाच अपंग माजी सैनिक ठेवण्याचे मान्य करणाऱ्या मालकांची नावे या नामावलीत नोंदविली जात, व शासकीय कंत्राटे देताना त्यांस प्राधान्य मिळे. हे उत्तेजन अगदीच क्षुल्लक नव्हते. तथापि योजना ऐच्छिकच राहिली. अपंगांस कामावर घेण्याचे वैधानिक बंधन मालकांवर आले, ते १९४४ च्या कायद्याने.

परदेशगमनाची कथा निराळी आहे. १९१९ मध्येच माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांस मोफत प्रवासाची सवलत जाहीर झाली. सुमारे ८६,००० व्यक्तींनी तिचा लाभ घेतला. पुढे १९२२ च्या साम्राज्य-वसाहत कायद्याने पहिल्या वर्षी १५ लाख व त्यानंतर प्रतिवर्षी ३० लाख पौंडांपर्यंत खर्च करण्याचा अधिकार शासनास पंधरा वर्षांकरिता मिळाला. कोणत्याही योजनेच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत भाग ब्रिटनने उचलावा व उरलेला वसाहतींच्या सरकारांनी किंवा खाजगी संस्थांनी, अशी तरतूद होती. हा कायदा म्हणजे केवळ बेकारांची बोळवण, असे म्हणणे एकांगी ठरेल. पुढे भारतमंत्री झालेले अ‍ॅमरी यांच्यासारख्या पुरस्कर्त्यांना त्यातून साम्राज्याची लोकसंख्या व बाजारपेठ वाढवावयाची होती.

मात्र या दृष्टीत स्थलांतर करणारा माणूस साधनच ठरतो. सैनिकांसाठी उघडलेल्या वाटेने लवकरच तरुण व मुलेही पाठविली जाऊ लागली. कायद्याचा पैसा पश्चिम ऑस्ट्रेलियातील फेअरब्रिज शेतीशाळेसारख्या संस्थांस मिळाला. १९२४ मध्ये मार्गारेट बाँडफील्ड यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने कॅनडातील परिस्थिती पाहून शाळा सोडण्याच्या वयाखालील मुले कामासाठी पाठवू नयेत, असे सुचविले. जागतिक मंदी येताच वसाहतींनी आपली दारे बरीचशी लावून घेतली, आणि ब्रिटनमध्ये येणाऱ्यांची संख्या जाणाऱ्यांहून अधिक झाली.

या वाटेस वंशाचीही मर्यादा होती. मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींतील शिपायास ही मोफत प्रवासाची सवलत नव्हती. आपल्या लोकसंख्येची घडण राखण्यासाठी कोणाचाही प्रवेश रोखण्याचा स्वयंशासित वसाहतींचा अधिकार १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेने मान्यच केला होता.

तात्पर्य, निघून जाणाऱ्यासाठी शासनाने कायदा व निधी उभा केला. मायदेशी राहिलेल्या अपंग सैनिकाचा रोजगार मात्र मालकाच्या सदिच्छेवर सोपविला. संस्थांमार्फत धाडलेल्या मुलांची क्षमा ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये व ब्रिटनने २०१० मध्ये मागितली. शासकीय साहाय्याचे मोल केवळ खर्चाच्या आकड्यांवरून करता येत नाही. साहाय्य घेणाऱ्यास नकार देण्याची मोकळीक कितपत होती, हेही इतिहासकाराने तपासले पाहिजे.