राक्षसांचे धनी

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची गोडी असणाऱ्यांस ह्युएनत्संग हें नांव नवें नाहीं. सन ६४१ च्या सुमारास हा चिनी भिक्षु चालुक्य पुलकेशीच्या राज्यांत आला, आणि येथील लोक उपकार स्मरणारे, अपमान न विसरणारे व शत्रूस आधीं सूचना देऊन मग शस्त्र उचलणारे आहेत, असें त्यानें लिहून ठेविलें. याच भिक्षूच्या प्रवासावर पुढें चीन देशांत राक्षसांच्या पारिपत्याची एक प्रचंड कादंबरी रचिली गेली, हें मात्र आपल्यापैकीं थोड्यांच्याच ध्यानीं असतें. 'पश्चिमेची यात्रा' हें तिचें नांव.

मूळ प्रवासच विलक्षण होता. सरहद्द ओलांडण्यास राजाज्ञेनें बंदी असतां सन ६२९ च्या सुमारास ह्युएनत्संग लपतछपत निघाला. गोबीच्या वाळवंटांत पाण्याची पखाल त्याच्या हातून सुटली, आणि चार रात्री व पांच दिवस त्यास पाण्याचा थेंब मिळाला नाहीं. त्या अवस्थेंत त्यास भोंवतीं पिशाच्चें दिसलीं, असें त्याच्या शिष्यानें लिहिलेल्या चरित्रांत आहे. सन ६४५ मध्यें तो ६५७ ग्रंथ घेऊन राजधानींत परतला.

वाळवंटांतील तीं पिशाच्चें लोकांच्या तोंडीं वाढत गेलीं. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या एका कथाग्रंथांत भिक्षूच्या सोबतीस एक वानर दिसूं लागतो. शेवटीं सन १५९२ मध्यें, मिंग राजवटींत, नानकिंग येथें १०० प्रकरणांची कादंबरी छापून निघाली. तिजवर कर्त्याचें नांव नव्हतें. विसाव्या शतकांत हू शी व लू शुन या पंडितांनीं तिचें कर्तृत्व वू छंगअन याजकडे दिलें; तें सर्वांसच मान्य आहे असें नाहीं. हा वू उतारवयांत एका तालुक्याचा दुय्यम अधिकारी होता, ही गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

कादंबरींतला भिक्षु भित्रा व भोळा आहे. खरा नायक वानर सुन वूखोंग. स्वर्गांत त्यास घोड्यांच्या पागेवरची हलकी नोकरी मिळाली, तो अपमान मानून त्यानें बंड केलें, आणि ५०० वर्षें डोंगराखालीं दबून राहिल्यावर भिक्षूचा रक्षक म्हणून तो सुटला. पुढें एकंदर ८१ संकटें. रूपें पालटणारे राक्षस, नांव घेतांच ओ देणाऱ्यास आंत ओढून घेणारा भोपळा, पंख्याच्या एका झपाट्यानें हजारों कोस उडविणारी राक्षसी, आणि या सर्वांवर वानराची लोखंडी काठी! वाचकास उसंत म्हणून मिळत नाहीं.

परंतु हीं युद्धें संपतात कशीं, तें पाहिलें पाहिजे. ऐन वेळीं आकाशांतून कोणी देव किंवा बोधिसत्त्व उतरतो, हा राक्षस आमच्या घरचा आहे असें सांगतो आणि त्यास घेऊन जातो. सोन्याच्या व रुप्याच्या शिंगांचे दोघे राक्षस लाओत्सेच्या भट्टीवरचे चाकर निघतात. राजास विहिरींत लोटून तीन वर्षें त्याच्या रूपानें राज्य करणारा सिंह हें मंजुश्रीचें वाहन ठरतें. एका नदीकांठच्या गांवाकडून दरवर्षीं एक मुलगा व एक मुलगी भक्ष्य म्हणून घेणारा राक्षस हा करुणामूर्ति क्वानयिनच्या तळ्यांतला सोनेरी मासा असतो. ती त्यास टोपलींत धरून नेते, आणि गांवकरी कांठावर येऊन तिला लोटांगण घालतात. खाल्लेल्या लेंकरांचा जाब कोणासही द्यावा लागत नाहीं. उलट, भिक्षूस तीनदां फसवूं पाहणारी हाडांची राक्षसी कोणाच्याच आश्रयाची नसते. ती काठीखालीं मरते. ज्यांस वाली नाहीं त्या राक्षसांची बहुधा हीच गत.

शेवटीं खुद्द बुद्धाच्या दारीं काय घडतें? ग्रंथ देणारे शिष्य चिरीमिरी मागतात. ती न मिळाल्यानें कोऱ्या गुंडाळ्या बांधून देतात. तक्रार होतांच, पवित्र ग्रंथ फुकट देतां येत नाहींत, असें उत्तर मिळतें. सम्राटानें दिलेलें सोन्याचें भिक्षापात्र हातीं ठेविल्यावरच अक्षरें असलेल्या पोथ्या बाहेर येतात.

हा ग्रंथ केवळ धर्माचा उपहास आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. प्रत्येक राक्षस म्हणजे साधकाची कसोटी, असा अर्थ जुन्या चिनी टीकाकारांनींही लाविला आहे, व कादंबरींत त्यास आधार आहे. परंतु कसोटी भिक्षूची आणि मरण गांवच्या पोरांचें, हा हिशेब त्या अर्थानें मिटत नाहीं. वानर स्वतः या धन्यांस तोंडावर बोल लावतो: घरचीं माणसें आवरतां येत नाहींत काय? कचेरीच्या पायरीवर उभें राहून जें बोलतां येत नसे, तें कादंबरीकारानें माकडाच्या मुखीं घातलें.

पुलकेशीचा महाराष्ट्र या पुस्तकांत शोधूं जाणाऱ्याची निराशा होईल; त्यानें भिक्षूचें स्वतःचें प्रवासवृत्त उघडावें. मिंग राजवटींतला सामान्य चिनी माणूस न्याय मागावयास जाऊन काय मनांत घेऊन परतत असेल, हें ज्यास जाणावयाचें असेल, त्यानें मात्र वानराच्या मागें जावें.