फळाची मुदत

कोणते फळ किती दिवसांत पिकते, हा प्रश्न बागायतदाराचा खरा. परंतु न्यायालयासही त्याची दखल घ्यावी लागते. आंब्याचे फळ मोहरापासून सुमारे चार महिन्यांत तयार होते, आणि उतरवून गवताच्या अढीत आठ-दहा दिवस ठेविले म्हणजे पिकते. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणिलेल्या काजूची घाई विलक्षण! त्याची बी आधी वाढते, बोंडू मागाहून फुगतो, आणि दोनएक महिन्यांत सारे उरकते. माडाची तऱ्हा निराळी. पोय फुटल्यापासून नारळ पक्का होण्यास जवळजवळ वर्ष लागते. शहाळे मात्र सहा-सात महिन्यांतच मिळते. बहुधा दरमहा नवी पोय येत असल्यामुळे एकाच माडावर सर्व वयांची फळे एकाच वेळी लोंबत असतात. पाडेली तयार घड तेवढा उतरवितो. माड कधीच रिता होत नाही, हे देवस्थानांची कुळागरे पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको.

आता कायदा पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने उभे इमारती लाकूड, उभी पिके व गवत यांना स्थावरातून वगळिले. १९०८ च्या नोंदणी कायद्याने झाडावरील फळे व झाडांतील रस हीही जंगमात घातली. गोव्यास हे कायदे १९६१ नंतर लागू झाले. म्हणून मोहर पाहून एका हंगामाचे आंबे विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यास दस्त नोंदवावा लागत नाही. परंतु जमिनीपासून मिळणारा लाभ स्थावरच होय. मग वर्षानुवर्षे बागेत शिरून उत्पन्न नेण्याचा हक्क कशात मोडतो?

शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला. तेथे फळे नव्हती; सागवान, जळाऊ लाकूड व बांबू होते. एका जमीनदाराने १९४८ साली आपल्या पत्नीस जंगलातून ते नेण्याचा हक्क २६,००० रुपयांस, सुमारे साडेबारा वर्षांकरिता, नोंदणीवाचून लिहून दिला होता. पुढे जमीनदारी सरकारजमा झाली. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात काळाचीच कसोटी लाविली: लाकूड लवकर तोडावयाचे असेल तर ते जंगम, परंतु झाड बारा वर्षे मातीचा रस शोषीत राहणार असेल तर तो जमिनीतील हितसंबंध ठरतो, आणि त्यास नोंदणी हवी. शांताबाईंचा अर्ज फेटाळला गेला. कसोटी कठोर आहे, पण मला ती सयुक्तिक वाटते.

खरी अडचण नारळाची आहे. कूळकायद्याचा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. माडाची बाग ठराविक वर्षांच्या खंडाने दिली आणि मुदत संपली, त्या दिवशी माडावर एक महिन्यापासून अकरा महिन्यांपर्यंतच्या वयाची फळे उरतातच. ती कोणाची? १८८२ च्या कायद्याचे १०८ वे कलम खंडकऱ्यास उभे पीक नेऊ देते खरे, पण खंडाची मुदत अनिश्चित असून तो त्याच्या दोषावाचून संपला तरच, आणि तेही त्याने स्वतः लाविलेले वा पेरिलेले पीक. आजोबांच्या हातच्या माडास ते लागू पडत नाही. तेव्हा नारळबागेचा करारनामा लिहिताना खंडाच्या शेवटच्या तारखेबरोबरच शेवटच्या पाडपाची तारीख आणि त्या दिवशी कितव्या घडापर्यंत हात लावावयाचा, हेही लिहून ठेवावे.