फडक्यातली पावडर, सोन्याची धूळ

भात निसवून दाणा दुधात आला, की लोंबीवर ढेकण्या बसायचा. दाण्यातलं दूध शोषून घ्यायचा आणि मागे पळिंज ठेवायचा. आमच्या बेडशात, लेण्यांच्या डोंगराखालच्या खाचरांत, त्यावर एकच इलाज माहीत होता: फॉलिडॉल पावडर. सकाळी दव असताना वडील ती जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचे. पुरचुंडी एका काठीला लटकवून दुसऱ्या काठीने तिला टिपरे हाणत बांधाबांधाने चालायचे. वास गेला म्हणजे औषध गेलं. तपासणी म्हणतात ती एवढीच.

ही पावडर पॅराथिऑनच्या कुळातली. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या गहू-साखरेत पॅराथिऑन मिसळलं आणि शंभरावर माणसं दगावली. कीटकनाशक कायदा झाला १९६८ला. आमच्या पावडरीतलं मिथाइल पॅराथिऑन पुरतं बंद व्हायला २०१८ उजाडावं लागलं.

अन्नावरचा औषधाचा अंश मोजायची घाई झाली ती निर्यातीमुळे. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत अंश सापडले, तेव्हा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली निर्यातीच्या बागांचे नमुने तपासले जाऊ लागले. आमच्या घरी खायच्या भाताचा नमुना कधी कुठे गेला नाही.

हे अंश ओळखायची दुसरी वाट प्रकाशाची. रेणूवर पडलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून परततो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखवलं. प्रत्येक रेणूची खूण वेगळी, पण फार क्षीण. १९७४ साली साउथॅम्प्टनमध्ये खरबरीत चांदीवर ती कैकपट ठळक उमटली. २०१०मध्ये चीनमधल्या शियामेन विद्यापीठाच्या चमूने सोन्याच्या नॅनोकणांना सिलिकाचं पातळ कवच चढवलं, ते संत्र्याच्या सालीवर पसरले, वर लेझर टाकला आणि सालीवरचं पॅराथिऑन जागच्या जागी ओळखलं. वडिलांची धुरळणी विष पेरायची, ही धुरळणी विष हुडकते.

मात्र ती सालीवरचंच वाचते. झाडात भिनणारी औषधं आत मुरतात. तिथे नमुना कुटून, अर्क काढून प्रयोगशाळेतच मोजावं लागतं. केरळातल्या मृत्यूंपासून त्या संत्र्यापर्यंत ५२ वर्षं गेली. नव्या औषधांना एवढी सवलत नको. डब्यावर छापलेले काढणीआधीचे दिवस आपण पाळावेत, आणि साहेबाच्या द्राक्षांना लावलेली चाळणी सरकारने इथल्या ताटातल्या भातालाही लावावी.