उलटी लहर: प्रागच्या ताऱ्यांपासून बाराव्या आठवड्यापर्यंत

गेल्या महिन्यात बडोद्याहून भाचीचा फोन आला. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘डक्टस व्हेनोसस: ए-वेव्ह रिव्हर्स्ड’. तिने घाबरून विचारलं, “मामा, बाळाचं हृदय उलटं चालतंय का?” मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा इतिहास सांगणारा माणूस. पण त्या ओळीमागचा इतिहास मला ठाऊक होता. तोच आज सांगतो.

२५ मे १८४२ रोजी प्रागमध्ये ख्रिस्तियन डॉपलर यांनी एक निबंध वाचला. लहरींचा उगम जवळ येत असेल तर त्यांची वारंवारता वाढलेली जाणवते, दूर जात असेल तर घटलेली. तत्त्व अचूक होतं. पण जोडताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. ताऱ्याचा रंग मुख्यतः तापमानावर ठरतो. १८४५ मध्ये बाइस बॅलट यांनी हॉलंडमध्ये आगगाडीत वादक बसवले आणि रुळांशेजारी जाणकार कानांचे संगीतकार उभे केले. गाडी येताना सूर चढा लागला, जाताना उतरला. तत्त्व सिद्ध झालं, पण ताऱ्यांच्या रंगांचा दावा बॅलट यांनी मानला नाही.

पुढे हेच तत्त्व शरीरात आलं. १९५० च्या दशकात ओसाकात शिगेओ सातोमुरा यांनी अल्ट्रासाउंडने हृदयाची हालचाल टिपली. १९७७ मध्ये डब्लिनच्या फिट्झगेराल्ड आणि ड्रम यांनी गर्भाच्या नाळेतला प्रवाह तपासला. १९९१ मध्ये नॉर्वेच्या टोरविद किसेरूद यांनी सहकाऱ्यांसह डक्टस व्हेनोससमधला वेग मोजला. नाळेतून आलेलं प्राणवायूयुक्त रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे नेणारी ही बारीक वाट.

हृदयाचा वरचा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा इथला प्रवाह क्षणभर मंदावतो. ती ए-वेव्ह. एरवी रक्त त्या क्षणीही पुढेच जातं. हृदयावर ताण असेल तर तेवढ्यापुरतं मागे ढकललं जातं. म्हणजे ‘उलटं’ चालतं ते हृदय नव्हे, ठोक्यातल्या एका क्षणाचा प्रवाह. गुणसूत्रांतले दोष आणि हृदयाचे काही विकार यांत ही खूण अधिक आढळते. पण ती दिसलेली अनेक बाळं निरोगी जन्मतात. शिवाय बाराव्या आठवड्यात गर्भ डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत जेमतेम साडेपाच सेंटीमीटर. शेजारच्या शिरेचा प्रवाह मिसळला तरी आलेख फसवतो. आणि डॉपलरची ऊर्जा जास्त असल्याने या दिवसांत तो थोडाच वेळ वापरायचा असतो.

भाचीला मी एवढंच म्हटलं, “डॉपलरची लहर बरोबर होती, ताऱ्यांचा अर्थ चुकला. तुझ्या रिपोर्टवरही एक लहर आहे, निकाल नाही. पुढच्या तपासण्या चुकवू नकोस.” गुणसूत्रांची तपासणी झाली, ती ठीक आली. हृदयाची सविस्तर सोनोग्राफी विसाव्या आठवड्यात आहे. आम्ही वाट पाहतोय.

पुढच्या भागात ग्लासगोला जाऊ, इयन डोनाल्ड यांच्याकडे.