वाफेवरची डाळ : फुणक्यांची कुळकथा

ज्ञातीच्या स्मरणिकेत कुळे, कुलदैवते, स्थलांतरे आणि ज्ञातीतील कर्तबगार पुरुष यांविषयीचे लेख दरवर्षी प्रसिद्ध होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या स्वयंपाकघरांतून या पुरुषांचे पोषण झाले त्यांच्या इतिहासाकडे आम्हां लिहिणाऱ्यांचे लक्ष क्वचितच वळते. संपादक मंडळाने यंदा जी चार पाने आम्हांस दिली आहेत, ती आम्ही एका अगदी साध्या पदार्थाच्या पूर्वपीठिकेसाठी खर्च करणार आहोत. हा पदार्थ म्हणजे फुणके.

खानदेशाकडील वाचकांस फुणके म्हणजे काय हे सांगावयास नकोच. पण आपली पुष्कळ कुटुंबे आता मुंबई, पुणे, बडोदे येथे व परदेशीही स्थायिक झाली असून त्यांच्या मुलांनी हा शब्दही ऐकलेला नसेल. तूरडाळ किंवा दोनतीन डाळी एकत्र भिजवून त्या पाट्यावर जाडसर वाटावयाच्या. त्यात मिरची, लसूण, जिरे, कोथिंबीर, मीठ व बारीक चिरलेला कांदा घालावयाचा. मुठीने दाबून लांबट मुटके करावयाचे आणि ते चाळणीवर मांडून उकळत्या पाण्याच्या वाफेवर शिजवावयाचे. खाताना ते ताटात कुस्करून त्यावर तेलाची धार व गरम कढी. यात तळण नाही, खमीर नाही, सोडा नाही.

ज्ञातीच्या मेळाव्यांतून अनेक वडीलधारी मंडळी असे अभिमानाने सांगतात की, फुणके हा केवळ आपल्याच ज्ञातीचा पदार्थ आहे आणि इतरांनी तो आपल्याकडून उचलला. दुसऱ्या बाजूने, शहरात वाढलेली आपलीच मुले वाफवलेल्या डाळीचा पदार्थ म्हटला की तो एकतर गुजराथी अथवा मद्रासी, असे समजून चालतात. हे दोन्ही समज इतिहासाच्या कसोटीस लावून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण पहिल्या समजाने आपण शेजाऱ्यांचे ऋण नाकारतो व दुसऱ्याने आपल्या आज्यांचे.

प्रथम डाळींचा विचार करू. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत जळालेल्या धान्याबरोबर मसूर, कुळीथ, लाख अशी कडधान्येही मिळाली. तुरीचे अत्यंत जुने अवशेष ज्या मोजक्या स्थळी सापडले, त्यांत विदर्भातील तुळजापूर गढी हे एक आहे. तेव्हा डाळ ही या भूमीची फार जुनी रहिवासी आहे. मात्र कोळसा झालेल्या दाण्यावरून तो उकडून खाल्ला, भाजून खाल्ला की वाफवून, हे कळत नाही. त्यासाठी ग्रंथांकडे वळावे लागते, आणि तेथे वाचकांस थोडे आश्चर्य वाटेल.

आज आपण ज्या इडलीस वाफवलेल्या पदार्थांची राणी मानतो, तिचे नाव कानडी 'वड्डाराधने' या इ. स. ९२० च्या सुमाराच्या ग्रंथात 'इड्डलिगे' असे येते. पुढे चालुक्यांच्या राज्यात १०२५ साली चावुंडरायाने रचलेल्या 'लोकोपकार' या ग्रंथात तिची कृतीही आहे. उडदाची डाळ ताकात भिजवून बारीक वाटावी आणि तीत दह्याचे पाणी, हिंग, जिरे, धने व मिरी घालावी, असे तो सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या, सुमारे ११३० च्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'इड्डरिका' म्हणून उडदाच्या बारीक पिठाचे लहान गोळे व त्यांस मिरी, जिरे आणि हिंग यांचा संस्कार वर्णिला आहे. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच घराण्याच्या सत्तेखाली होता. भारतीय आहाराचे इतिहासकार के. टी. अचया यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, या जुन्या वर्णनांत तांदूळही नाही, दीर्घकाळ आंबवणेही नाही व वाफेचा स्पष्ट उल्लेखही नाही. त्यांनी असा तर्क केला की, आंबवून वाफवण्याची रीत आग्नेय आशियाच्या बेटांतून, तेथील हिंदू राजांबरोबर येणाऱ्या आचाऱ्यांकडून आली असावी. हा तर्कच आहे, आणि आम्ही तो तर्क म्हणूनच येथे देतो. वाफेसाठी स्वतंत्र पात्र लागतेच असे नाही. पातेल्याच्या तोंडावर फडके बांधले की काम भागते, आणि फडक्याचा पुरावा कोणत्या उत्खननात मिळावा?

गुजराथची कथा निराळी आहे. १०६६ च्या एका जैन ग्रंथात 'दुक्किया' हा डाळीचा पदार्थ येतो, व 'ढोकळा' हे नाव १५२० च्या 'वर्णक समुच्चय' या गुजराथी ग्रंथात सापडते. तेथे ढोकळा, खमण, इदडे, पात्रा, मुठिया अशी मोठी संततीच निर्माण झाली. आपली अळूवडी ही पात्र्याची सख्खी बहीण आणि कोथिंबीरवडी मुठियाची मावसबहीण म्हणावयास हरकत नाही. खानदेश सुरतेच्या वाटेवर असल्यामुळे तिकडील रीतींचा संपर्क येथे अखंड राहिला. तरी फुणके व ढोकळा यांत एक मूलभूत भेद आहे. ढोकळ्याचे पीठ सैल व आंबवलेले, ते ताटात ओततात. फुणक्याची वाटण घट्ट व ताजी, ती मुठीत धरतात.

मग फुणक्यांचे जवळचे नातलग कोण? याचे उत्तर आम्हांस दक्षिणेकडे, कर्नाटकाच्या घराघरांत मिळाले. तेथे 'नुच्चिनुंडे' नावाचा पदार्थ करतात. तूरडाळ भिजवून जाडसर वाटावयाची, तीत मिरची, आले, खोबरे व बहुधा शेपू घालावयाचा, मुठीने उंडे करून वाफवावयाचे आणि 'मज्जिगे हुळी' म्हणजे ताकाच्या कढीबरोबर खावयाचे. लसणीच्या जागी आले व कांद्याच्या जागी शेपू सोडला, तर हे फुणकेच होत. नावाचाही विचार करावा. कानडीत 'नुच्चु' म्हणजे भरड कणी व 'उंडे' म्हणजे गोळा. आपल्याकडे कणकेचा अथवा पुरणाचा 'उंडा' म्हणतात तो हाच शब्द. ताप्तीच्या काठी आणि कावेरीच्या काठी एकच डाळ, एकच भरड वाटण, एकच मूठ आणि सोबतीला तीच ताकाची कढी, हा योगायोग मानणे आम्हांस जड जाते. हा दख्खनच्या पठाराचा सामाईक वारसा असावा, असे आमचे मत आहे. खानदेशातही फुणके एकाच ज्ञातीत होत नाहीत. शेतकरी, कारागीर, व्यापारी अशा अनेक समाजांच्या घरी ते होतात. पहिला समज येथे गळून पडतो, आणि तो गळून पडल्याने आपले काही उणे होत नाही.

इतका रूढ पदार्थ जुन्या मराठी पाकग्रंथांतून ठळकपणे का पुढे आला नाही, हा प्रश्न उरतो. मराठीत पाकशास्त्राची छापील पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघू लागली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. असे ग्रंथ मुख्यतः शहरी, पंक्तीची जेवणे जाणणाऱ्या वाचकवर्गासाठी होते. शिवाय आमच्या मते एक कारण सोवळ्याओवळ्याचे आहे. तुपातेलात तळलेले ते पक्के, प्रवासात चालणारे, दुसऱ्या ज्ञातीकडूनही घेता येणारे. पाण्यात शिजलेले ते खरकट्यात जमा. वाफेवरचा पदार्थ पाण्याशी संबंध आल्याने पंक्तीत किंवा शिदोरीत मानाने बसला नाही व घरच्या उंबऱ्याआडच राहिला. ज्या भेदांनी माणसांस माणसांच्या हातचे पाणी नाकारले, त्यांनीच एका पौष्टिक अन्नासही आडोशाला ठेवले. हे ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. लिहावयाचे ते येथेच लिहिले पाहिजे.

आणखी एक कारण आहे ते गरिबीचे. भुईमूग आपल्या मुलुखात रुळण्यापूर्वी घरात तेल येई ते तीळ, करडई किंवा जवस यांचे, व तेही बेताचे. घाण्यावरून आणलेले तेल महिनाभर पुरवणाऱ्या गृहिणीस कढईभर तेलाची चैन परवडत नव्हती. वाफेला पाणी व चार काटक्या पुरत. फुणक्यांवरील तेलाची धार ही म्हणूनच जपून सोडलेली असे. हिरवी मिरचीही पोर्तुगीजांच्या आगमनानंतरची, म्हणजे सोळाव्या शतकानंतरची पाहुणी. त्यापूर्वी हे काम मिरी व आले करीत असणार.

आता आरोग्याकडे. कच्च्या तूरडाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. डाळीच्या प्रथिनांत लायसीन विपुल व मेथिओनीन कमी, तर ज्वारी-बाजरीत याच्या उलट. म्हणून फुणक्यांबरोबर भाकरी खाण्याची रीत शास्त्राला धरूनच आहे. भिजवल्याने पोटात वायू धरणाऱ्या शर्करांचा काही अंश पाण्यात उतरतो, तेव्हा ते पाणी फेकून द्यावे. इडलीचे पीठ फुगते ते मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स नावाच्या जिवाणूमुळे, हे १९६५ साली प्रयोगाने सिद्ध झाले. फुणक्यांस या जिवाणूची गरज पडत नाही. भरड कणांच्या फटींतून वाफ आत शिरते व मुटका मोकळा राहतो. म्हणूनच यंत्रावर गंधासारखी बारीक वाटलेली डाळ वाफवली असता ती दगडासारखी बसते. नव्या सुनांचे फुणके बिघडतात म्हणून जी बोलणी त्यांस खावी लागतात, त्यांतील बराच दोष यंत्राचा आहे, हे सासवांनी ध्यानी घ्यावे! मधुमेही व वृद्ध यांस तळलेल्या भज्यांऐवजी हा पदार्थ निश्चित हितावह. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळीचे प्रमाण वैद्यास विचारूनच ठरवावे.

या ज्ञानाचा लेखी आधार जवळजवळ नाही. पाट्यावर किती फेरे द्यावे, मुटका किती दाबावा, हे हाताने हाताला शिकवलेले आहे. पाटे अंगणात गेले. १९५९ पासून भारतात प्रेशर कुकर तयार होऊ लागले व चाळण्याही माळ्यावर गेल्या. ज्यांच्या घरी आज ऐंशी वर्षांची माउली आहे, त्यांनी तिच्या जवळ बसून तिचे प्रमाण वहीत उतरून घ्यावे, गावाच्या नावासह. गावागणिक फरक आहेत, आणि इतिहास त्या फरकांतच आहे.

आमच्या घरातील प्रमाण भगिनींच्या सोयीसाठी देतो. दोन वाट्या तूरडाळ व अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून चाळणीत पूर्ण निथळावी. यंत्रावर वाटावयाची तर पाणी न घालता, थांबत थांबत फिरवावी. चौथा हिस्सा डाळ अर्धवट फुटलेली राहिली पाहिजे. मीठ व कांदा अगदी शेवटी, नाहीतर वाटण पाणी सोडते. पाणी खळखळू लागल्यावरच चाळणी वर ठेवावी व झाकणाखाली फडके बांधावे, म्हणजे वाफेचे थेंब मुटक्यांवर पडत नाहीत. पंधरा ते वीस मिनिटांनी सुरी टोचून पाहावी. ती कोरडी निघाली की चाळणी उतरवावी आणि मुटके कोमट होईतो हलवू नयेत. कढी मात्र तोवर पातळ व गरम हवी, कारण डाळ ती झपाट्याने पिऊन टाकते.