घरातील समुद्राचा सरंजाम

काचेच्या टाकीत समुद्री जीव पाळण्याचा छंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रुजला, आणि त्यासाठी लागणाऱ्या सरंजामाची यादी तेव्हापासून जी वाढत गेली, ती हौसेपेक्षा टाकीतील जीवांच्या मरण्यामुळे अधिक वाढली. 1845 मध्ये काचेवरील कर उठल्याने काचसामान स्वस्त झाले आणि रेल्वेमुळे समुद्रकिनारा जवळ आला. परंतु टाकी व जीव हाती आले, तरी पाणी कसे राखावे हे फारसे कोणाला उमगले नव्हते.

ॲना थिन यांनी 1846 मध्ये टॉर्की येथून काही प्रवाळ लंडनला नेले, तेव्हा वाटेत ते हिंदकळू नयेत म्हणून ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचून घेतले होते. घरी आल्यावर पाण्यात हवा मिसळावी यासाठी मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राही. पुढे हवेच्या पंपाकडे आलेले काम ते हेच. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने 1850 मध्ये मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांचा परस्परांवर चालणारा समतोल मांडला आणि पाणी वारंवार न बदलताही टाकी चालू शकते, या समजुतीला शास्त्राचा आधार मिळाला.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांची अडचण फिलिप हेन्री गॉस याने कृत्रिम समुद्रजल तयार करून सोडवली. साधे मीठ, एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड ही चारच द्रव्ये त्याने घेतली व समुद्रात अल्प प्रमाणात असणारी चुन्याची लवणे वगळली. समुद्रफुलांचे एवढ्यावर भागले. परंतु प्रवाळाचा सांगाडा चुन्याचाच असल्याने हीच उणीव पुढील पिढ्यांच्या हौशी लोकांना भरून काढावी लागली. विल्यम ॲलफर्ड लॉइड या व्यावसायिकाने 1871 मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांहून कितीतरी मोठा पाणीसाठा ठेवून पाणी सतत फिरते राखले; आजच्या घरगुती टाकीखाली जोडलेली ‘संप’ नावाची दुसरी टाकी याच विचाराने चालते.

प्रवाळांची खरी सोय विसाव्या शतकात झाली. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी 1961 मध्ये ‘जिवंत खडक’ वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हे प्रवाळभित्तीचे सच्छिद्र तुकडे असून त्यांतील जिवाणू माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पेटर विल्केन्स यांनी 1973 च्या आपल्या ग्रंथातून चुन्याची निवळी टाकीत घालण्याचा उपाय रुजवला आणि बर्लिनच्या हौशी मंडळींनी या दोहोंना प्रखर दिव्यांची व प्रोटीन स्किमरची जोड दिली. बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातील सेंद्रिय मळ, तो कुजण्याआधीच, बाहेर काढणारे हे उपकरण होय. ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी ही रचना आजही घरगुती प्रवाळटाकीच्या आखणीचा पाया आहे.

या इतिहासातून खरेदीचा क्रमही ठरतो. टाकी, क्षार, पाणी फिरवणारे पंप, खडक व स्किमर आधी जुळवावेत, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत काही आठवडे थांबावे, आणि मगच जीव आणावेत. याचा उलटा क्रम धरल्यास उत्तम उपकरणेही निरुपयोगी ठरतात. भारतात त्याआधी एक कायदेशीर अटही पाळावी लागते. भित्ती बांधणारे प्रवाळ 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेल्याने मालवणच्या समुद्रातून त्यांचा तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे. म्हणून घरात समुद्र मांडू पाहणाऱ्याने टाकीत काय ठेवण्यास कायद्याची मुभा आहे, हे उपकरणांवर पैसा घालण्यापूर्वीच तपासून घ्यावे.